प्राणवायूचें दुसरें कार्य

पानाच्या तबकांतील कात, देवघरांतील ऊद, कपड्यांच्या पेटींत टाकलेल्या डांबराच्या गोळ्या आणि न्हाणीघरांत शिंपडावयाचें फिनेल, ह्या चार वस्तूंची आपसांत कांहीं सोयरीक असेल अशी शंकाही सामान्य गृहस्थाच्या मनांत येणार नाहीं. एक मुखशुद्धीची, दुसरी पूजेची, तिसरी कसरीच्या बंदोबस्ताची आणि चवथी घाणीच्या निवारणाची. परंतु रसायनशास्त्रज्ञ ह्या चौघींची गणना एकाच कुळांत करतो. कार्बनाचे सहा अणु फेर धरून उभे आहेत असें एक वलय ह्या चारही वस्तूंच्या घटकांत सांपडतें. डांबराच्या गोळींत तर अशीं दोन वलयें एकमेकांस जोडलेलीं असतात. ह्या वलयधारी द्रव्यांना युरोपांत ‘ॲरोमॅटिक’ म्हणजे सुगंधी असें कुलनाम पडलें. फिनेलचा वास ज्यांना ठाऊक आहे त्यांना तें नांव थट्टेचें वाटेल. परंतु ज्या काळीं हें नांव रूढ झालें त्या काळीं ह्या कुळांतील ओळखीचीं माणसें म्हणजे ऊद, बडीशेप, दालचिनी यांसारख्या वासाच्या पदार्थांतून निघालेलीं द्रव्येंच होतीं. कुलनामें एकदां पडलीं कीं पुढील पिढ्यांच्या गुणदोषांवर तीं बदलत नाहींत, हें आपणांस आपल्या आडनांवांवरून ठाऊक आहेच.

ह्या वलयाचा मुख्य गुण म्हणजे त्याची चिकाटी. तें सहजासहजीं फुटत नाहीं. त्याच्या कडेचे हायड्रोजनाचे अणु काढून तेथें दुसरे बसवितां येतात, त्यावर रंग चढवितां येतो, त्यापासून औषधें करतां येतात. परंतु खुद्द वलय मोडावयाचें म्हटलें म्हणजे प्रयोगशाळेंत प्रखर उपाय योजावे लागतात. आणि तरीही सृष्टींत हीं वलयें रोज अगणित मोडत आहेत. झाडाच्या लाकडास कठीणपणा आणणारें जें लिग्निन नांवाचें द्रव्य, त्याची घडण बहुतेक अशाच वलयांची असते. दरवर्षीं रानांत जो पालापाचोळा पडतो व जें लाकूड कुजतें, त्यांतील हीं वलयें जर कोणी मोडलीं नसतीं, तर पृथ्वीवरील कार्बनाचा केवढा तरी सांठा त्या कुलुपांतच अडकून पडला असता. हें कुलूप कोण उघडतो, कोणत्या किल्लीनें उघडतो, आणि ती किल्ली शोधतांना प्राणवायूविषयीं विद्वानांची एक दृढ समजूत कशी दुरुस्त झाली, ही हकीकत वाचकांपुढें मांडण्याचा आमचा आज विचार आहे.

प्रथम वलयाचाच पूर्ववृत्तांत थोडक्यांत सांगतों. इ. स. १८२५ सालीं लंडन येथें मायकेल फॅरडे यानें दिव्याचा वायु दाबून भरतांना तळाशीं सांचणाऱ्या तेलकट द्रवांतून एक नवें द्रव्य वेगळें केलें. पुढें १८३४ च्या सुमारास मिचर्लिक या जर्मन पंडितानें उदापासून मिळणारें बेन्झोइक आम्ल चुन्याबरोबर तापवून तेंच द्रव्य मिळविलें. उदाच्या नांवावरूनच त्यास पुढें ‘बेन्झीन’ हें नांव पडलें. १८३९ सालीं राइन्श यानें कातांतील एका घटकाचें ऊर्ध्वपातन करून कॅटेकॉल नांवाचें द्रव्य काढलें. आमच्या कोंकणांत खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून जो कात करतात व ज्यावरून कातकरी समाजास त्याचें नांव मिळाल्याचें सांगतात, त्याच जातीच्या मालावरून हें नांव आलें आहे. कॅटेकॉल म्हणजे बेन्झीनचें वलय व त्याच्या कडेस शेजारीं शेजारीं बसलेल्या प्राणवायु-हायड्रोजनाच्या दोन जोड्या. हें द्रव्य वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. आमच्या कथेचा सारा भार पुढें त्याच्यावरच पडणार आहे. ह्या सर्व द्रव्यांच्या पोटांत वलय आहे ही कल्पना मात्र १८६५ सालीं केकुले यानें मांडली, आणि १९२९ सालीं कॅथलीन लॉन्सडेल या विदुषीनें क्ष-किरणांच्या साहाय्यानें तें वलय सपाट षट्कोनी असल्याचें सिद्ध केलें.

वलय कळलें, परंतु वलय मोडणारा कळावयाचा होता. विसाव्या शतकाच्या आरंभीं हॉलंडांतील डेल्फ्ट येथें बायेरिंक या आचार्याची जंतुशास्त्राची एक शाळाच उभी राहिली होती. त्याची पद्धति मोठी सोपी व मोठी चतुर होती. जो पदार्थ खाणारा जंतु हवा असेल, तोच पदार्थ एकमेव अन्न म्हणून पाण्यांत विरघळवावा, त्यांत चिमूटभर माती टाकावी आणि वाट पाहावी. ज्याला तें अन्न पचतें तोच वाढतो. बाकीचे उपाशी राहतात. जणुं काय पंगतींत केवळ कारल्याची भाजी वाढली असतां जो पानावर टिकून राहील तोच खरा कारल्याचा भोक्ता! ह्याच शाळेंतील डेन डोरेन द याँग यानें १९२६ सालीं सुमारें दोनशें निरनिराळीं सेंद्रिय द्रव्यें अशा रीतीनें जंतूंपुढें वाढून पाहिलीं. ‘स्यूडोमोनास’ नांवाच्या, मातींत सर्वत्र आढळणाऱ्या एका कुळांतील जंतूंनीं त्यांपैकीं कित्येक द्रव्यें निमूटपणें संपविलीं.

इंग्लंडांत रॉथॅमस्टेड येथील शेतकी संशोधनशाळेंतही हाच प्रश्न दुसऱ्या वाटेनें पुढें आला. जमीन निर्जंतुक करण्यासाठीं तींत फिनॉलसारखीं जहाल द्रव्यें घालीत. परंतु कांहीं काळानें तीं मातींतून नाहींशीं होत. विष घालावें आणि मातीनें तें गिळून ढेकरही देऊं नये, हा प्रकार चमत्कारिक खरा. १९२१ सालीं सेन गुप्ता यांनीं ह्या विषयावर निबंध लिहून फिनॉल नाहींसें होण्यांत जंतूंचाही हात असल्याचें दाखविलें. १९२८ सालीं ग्रे व थॉर्नटन या दोघांनीं अशा वलयभक्षक जंतूंची मोठी यादीच प्रसिद्ध केली. ज्या फिनेलनें आपण जंतु मारतों त्याच्याच मुख्य द्रव्यावर पोसणारे जंतु पायांखालच्या मातींत नांदत आहेत, ही गोष्ट तेव्हांपासून निर्विवाद झाली. परंतु ते तें कसें पचवितात? येथें कथेस खरा रंग चढतो. पण त्यापूर्वीं आपणांस जरा मागें जाऊन प्राणवायूची गोष्ट पाहिली पाहिजे.

प्राणवायूचें आपल्या देहांत काय काम आहे ह्या प्रश्नास अठराव्या शतकाच्या अखेरीस लाव्हाझिये या फ्रेंच शास्त्रज्ञानें पहिलें समर्पक उत्तर दिलें. लांकूड जळतें तेव्हां प्राणवायु त्याच्याशीं संयोग पावतो. श्वसन हेंही एक मंद ज्वलनच होय. १७८३ सालीं लाप्लास याच्यासह त्यानें एका गिनिपिगास बर्फाच्या वेष्टणाच्या भांड्यांत ठेवून त्याच्या देहाच्या उष्णतेनें बर्फ किती वितळतो हें मोजलें, आणि ती उष्णता त्याच्या श्वासाशीं ताडून पाहिली. सव्वाशें वर्षें बहुतेकांची समजूत अशी होती कीं, अन्न व प्राणवायु यांची देहांत कोठें तरी प्रत्यक्ष गांठ पडते व अन्न जळतें.

१९१२ च्या सुमारास म्यूनिक येथील हाइनरिक वीलँड यानें ह्या समजुतीवर घाव घातला. प्राणवायु मुळीं नसतांनाही कित्येक द्रव्यांचें ज्वलनासारखें रूपांतर घडवून आणतां येतें, हें त्यानें प्रयोगांनीं दाखविलें. फक्त त्या द्रव्यांतून निघणारा हायड्रोजन घेण्यास कोणी तरी हवा, मग तो एखादा निळा रंग असला तरी चालतो. तेव्हां देहांतील ज्वलन म्हणजे प्राणवायूचा संयोग नव्हे, तर हायड्रोजनाचा वियोग होय. प्राणवायु शेवटीं उभा असतो तो केवळ निघालेला हायड्रोजन स्वीकारून त्याचें पाणी करावयास. आमच्या भाषेंत सांगावयाचें तर प्राणवायु हा समुद्र. सारे ओघ शेवटीं त्याला जाऊन मिळतात, परंतु तो स्वतः कधीं डोंगर चढून झऱ्यापाशीं जात नाहीं. मग देहांत तयार होणाऱ्या द्रव्यांत जे प्राणवायूचे नवे अणु दिसतात ते कोठून येतात? वीलँडच्या पक्षाचें उत्तर तयार होतें: ते पाण्यांतून येतात, हवेंतून नव्हे.

हा सिद्धांत कोणा ऐऱ्यागैऱ्याचा नव्हता. वीलँड यास पित्तांतील आम्लांच्या संशोधनाबद्दल १९२७ चें नोबेल पारितोषिक मिळालें होतें. बर्लिन येथील ऑटो वारबुर्ग यानें त्याच्याशीं वर्षानुवर्षें वाद घातला. लोहयुक्त एन्झाइम प्राणवायूस चेतवितें, असें त्याचें म्हणणें. पुढें केंब्रिज येथील कीलिन यानें १९२५ सालीं पेशींतील लोहयुक्त रंगद्रव्यांची सांखळी दाखवून दोघांचाही मेळ घातला: हायड्रोजन सुटतो हें खरें, आणि शेवटीं लोहाच्या हातून प्राणवायूस त्याचा वांटा पोंचतो हेंही खरें. वाद मिटला, आणि वाद मिटला म्हणजे शास्त्रांत जें होतें तेंच झालें. तडजोडीचें रूपांतर पाठांत झालें व पाठाचें रूपांतर सिद्धवचनांत. प्राणवायु अन्नाच्या घटकांत प्रत्यक्ष शिरतो असें म्हणणें हें १९५० च्या सुमारास जुनाट, जवळजवळ अडाणीपणाचें लक्षण मानलें जाऊं लागलें.

आतां दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानांत चला. ओसाका शहर १९४५ सालच्या बाँबवर्षावांत होरपळून निघालेलें. अन्नधान्याची वाण, रसायनांची वाण, उपकरणांची तर बोलावयासच नको. ओसामु हायाइशी नांवाचा एक तरुण डॉक्टर नौदलांतील नोकरी आटोपून तेथील विद्यापीठांत संशोधन करूं पाहत होता. त्याचा जन्म १९२० सालचा, आणि तोही अमेरिकेंत, कॅलिफोर्निया प्रांतीं स्टॉक्टन गांवीं. परंतु शिक्षण व संस्कार सारे जपानी. इच्छा होती, पण हातांत साहित्य नव्हतें. अशा वेळीं कोटाके नांवाच्या वृद्ध आचार्यांनीं त्याला आपल्याजवळचें थोडेंसें ट्रिप्टोफॅन देऊं केलें. ट्रिप्टोफॅन हें प्रथिनांतील एक वलययुक्त घटकद्रव्य. देहांत त्याचें काय होतें ह्या एका प्रश्नावर कोटाके यांनीं आयुष्य वेंचलें होतें. त्या दिवसांत तें द्रव्य सोन्याच्या मोलाचें. निवृत्त गुरूनें आपली पुंजी एका होतकरूच्या ओंजळींत टाकावी, हा प्रसंग लहान खरा. परंतु आम्हांस तो ह्या सबंध इतिहासांतील एक महत्त्वाचा प्रसंग वाटतो. पैका, यंत्रें आणि इमारती यांनीं विद्या वाढते हें कोणी नाकारीत नाहीं. पण तीं तिन्ही नसतांना ती जिवंत राहते ती अशा दानावरच.

हायाइशीनें काय केलें? ज्याच्यापाशीं कांहीं नाहीं त्याच्यापाशींही असते ती वस्तु त्यानें उचलली, ती म्हणजे माती. त्यानें डेल्फ्टच्या शाळेचा उपाय योजला. ट्रिप्टोफॅनच्या पाण्यांत माती कालविली, आणि कांहीं दिवसांनीं त्यांत जंतु वाढले. जात अर्थात् स्यूडोमोनास. मग त्या जंतूंचा रस काढून, ट्रिप्टोफॅनचें रूपांतर पायरीपायरीनें कसें होतें हें तो पाहूं लागला. एका पायरीवर तो कॅटेकॉलपाशीं येऊन थडकला. आणि त्यास असें दिसलें कीं, जंतूच्या रसांत एक एन्झाइम आहे. तें कॅटेकॉलचें वलय उकलून त्याचें लांबट, उघड्या सांखळीचें म्यूकॉनिक आम्ल करतें. ह्या एन्झाइमास त्यानें ‘पायरोकॅटेकेज’ असें नांव दिलें व १९५० सालीं जपानी नियतकालिकांत त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें.

येथें वाचकांनीं किंचित् हिशेब मांडावा. तो पहिल्या इयत्तेचाच आहे. कॅटेकॉलांत कार्बनाचे सहा, हायड्रोजनाचे सहा व प्राणवायूचे दोन अणु. म्यूकॉनिक आम्लांत कार्बनाचे सहा, हायड्रोजनाचे सहा व प्राणवायूचे चार. आणि ह्या क्रियेंत हवेंतील प्राणवायूचा नेमका एक रेणु, म्हणजे दोन अणु, खर्ची पडतो. हायड्रोजन एकही कमी झाला नाहीं. प्राणवायु दोन वाढला. आणि हवेंतून दोनच गेला. सरळ माणूस म्हणेल, हवेंतला प्राणवायु तेथें जाऊन बसला, ह्यांत नवल तें काय? शिवाय प्राणवायूच्या जागीं वीलँडचा तो निळा रंग ठेवून पाहिला तर काम बंद पडे. हायाइशीलाही तसेंच वाटलें.

परंतु पंडितांचा हिशेब वेगळा होता, आणि तो चुकीचा आहे असें नुसत्या बेरजेवरून कोणास म्हणतां येईना. ते म्हणत, कॅटेकॉलास प्रथम पाण्याचे दोन रेणु चिकटतात. मग त्यांतून हायड्रोजनाचे चार अणु सुटतात. आणि ते चार हवेंतील प्राणवायूस मिळून पुन्हां पाण्याचे दोन रेणु होतात. जमाखर्च तंतोतंत तोच! सावकाराच्या वहींत जशी एकच शिल्लक दोन रीतींनीं दाखवितां येते, तशी ही गोष्ट. शेवटची शिल्लक जुळली म्हणजे पैसा कोणत्या खिशांतून आला हें कळतेंच असें नाहीं. तें कळावयाचें तर नाण्यावर खूण करावी लागते.

सुदैवानें खूण केलेलें नाणें सृष्टीनेंच पाडून ठेवलें होतें. १९२९ सालीं जिओक व जॉन्स्टन या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं असें दाखविलें होतें कीं, प्राणवायूचे सगळेच अणु सारख्या वजनाचे नसतात. साधारणतः पांचशांत एक अणु सोळाच्या ऐवजीं अठरा वजनाचा असतो. हे जड अणु वेंचून एकत्र केले तर प्राणवायूवर जणुं शिक्काच बसतो. तो पुढें कोठें गेला हें वजन करणाऱ्या नाजूक यंत्रानें ओळखतां येतें.

हायाइशी दरम्यान अमेरिकेस गेला होता. ज्या देशाशीं काल युद्ध झालें त्याच देशाच्या प्रयोगशाळांनीं त्याला जागा दिली. मातींतील जंतूंच्या पचनक्रियेचा माग काढण्याची एक सुंदर युक्ति रॉजर स्टॅनियर यानें १९४७ सालीं प्रसिद्ध केली होती. जो जंतु एखाद्या द्रव्यावर वाढविला आहे तो त्या द्रव्याच्या पचनांतील मधल्या पायऱ्यांची द्रव्येंही ताबडतोब खाऊं लागतो, आणि ज्या द्रव्याचा त्या वाटेशीं संबंध नाहीं त्यास तोंड लावण्यास वेळ घेतो. तेव्हां त्याच्या आवडीनिवडीवरूनच वाट ओळखतां येते. ह्या स्टॅनियरनें व हायाइशीनें मिळून १९५१ सालीं जंतु ट्रिप्टोफॅन कसें जाळतात ह्यावर निबंध लिहिला. पुढें हायाइशीनें आर्थर कोर्नबर्ग याच्या हाताखालीं काम केलें आणि मग अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेंत त्याला स्वतःचा विभाग मिळाला. ओसाकाच्या मातींतील कोडें मात्र त्याच्या डोक्यांतून गेलें नव्हतें.

१९५५ सालीं त्यानें कातागिरी व रॉथबर्ग या सहकाऱ्यांसह तो निर्णायक प्रयोग केला. प्रयोग दोन अंगांचा होता. एका भांड्यांत हवा जड प्राणवायूची व पाणी साधें. दुसऱ्यांत हवा साधी व पाणी जड प्राणवायूचें. दोहोंत कॅटेकॉल व तें एन्झाइम. मग तयार झालेलें म्यूकॉनिक आम्ल काढून त्यांतील प्राणवायूचें वजन पाहिलें. पंडितांचें म्हणणें खरें असतें तर शिक्क्याचे अणु दुसऱ्या भांड्यांतील आम्लांत दिसावयास हवे होते. ते दिसले पहिल्यांत. आम्लांत वाढलेले प्राणवायूचे दोन्ही अणु हवेंतून आले होते. पाण्यानें कांहींच दिलें नव्हतें. समुद्र डोंगर चढून झऱ्यापाशीं आला होता.

योगायोग असा कीं, त्याच वर्षीं ऑरेगन येथील हॉवर्ड मेसन यानें आपल्या सहकाऱ्यांसह स्वतंत्रपणें तीच गोष्ट अळंब्यांतील एका एन्झाइमाविषयीं सिद्ध केली. तेथें रेणूंतील दोन अणूंपैकीं एकच द्रव्यांत शिरतो व दुसऱ्याचें पाणी होतें. वांगें चिरून ठेवलें असतां तें काळें पडतें तें त्याच जातीच्या एन्झाइमामुळें. म्हणजे जें रहस्य अर्धशतक विद्वानांपासून दडून राहिलें होतें तें आमच्या स्वैंपाकघरांत विळीवर रोज उघडें पडत होतें! हवेंतील प्राणवायु थेट द्रव्यांत बसविणाऱ्या ह्या एन्झाइमांस हायाइशीनें ‘ऑक्सिजनेज’ असें नांव दिलें. दोन्ही अणु बसविणारीं तीं ‘डायऑक्सिजनेज’, एकच बसविणारीं तीं ‘मोनोऑक्सिजनेज’.

आतां न्यायाची गोष्ट बोलली पाहिजे. ह्या प्रयोगानें वीलँड खोटा ठरला काय? मुळींच नाहीं. आपल्या श्वासांतील बहुतेक प्राणवायु आजही त्याच्याच सिद्धांताप्रमाणें हायड्रोजन घेऊन पाण्यांत जमा होतो. खोटें ठरलें तें ‘बहुतेक’ ह्या शब्दाच्या जागीं ‘सर्व’ हा शब्द घालणें. आणि ज्याला मागच्या पिढीनें भोळा ठरविलें होतें त्या लाव्हाझियेचें म्हणणें एका कोपऱ्यांत अक्षरशः खरें निघालें. शास्त्राचा इतिहास म्हणजे चुकीकडून सत्याकडे जाणारा सरळ रस्ता, असें शाळेंत शिकविलें जातें. आम्हींही वर्गांत तसें पुष्कळ वेळां सांगितलें आहे. परंतु तो रस्ता बहुधा घाटाचा असतो. एका वळणावर जो देखावा मागें टाकला तोच पुढच्या वळणावर, अधिक उंचीवरून, पुन्हां दिसतो.

ह्या शोधाचा विस्तार किती झाला तें थोडक्यांत सांगतों. खुद्द बेन्झीनवर तर प्राणवायु-हायड्रोजनाच्या जोड्याही नसतात. त्याचें जंतु काय करतात? डेव्हिड गिब्सन यानें १९६८ पासून पुढील वर्षांत असें दाखविलें कीं, जंतूचें दुसरें एक डायऑक्सिजनेज आधीं हवेंतील प्राणवायूचे दोन अणु शेजारीं शेजारीं, वलयाच्या एकाच बाजूस, बसवितें. त्यावरून कॅटेकॉल होतें, आणि मग पायरोकॅटेकेजसारखें एन्झाइम त्या दोन जागांच्या मधोमध वलय तोडतें. हातांत घट्ट रुतलेली पाटली सोनार जशी आधीं कानस लावून एका जागीं झिजवितो व मग तेथेंच कापतो, तशी ही रीत. पायरोकॅटेकेजच्या अंतरंगांत लोहाचा अणु असतो व त्यामुळें तें तांबूस दिसतें. वारबुर्गचें लोहही अशा रीतीनें आपला हक्क सांगण्यास हजर आहेच. १९६१ सालीं हायाइशीच्याच मंडळीनें असें दुसरें एन्झाइम वर्णिलें कीं, जें दोन जोड्यांच्या मध्यें न तोडतां बाजूस तोडतें. म्हणजे एकाच वलयाला दोन दरवाजे. नॅफ्थॅलीनवर चालणाऱ्या डायऑक्सिजनेजची संपूर्ण आकृति १९९८ सालीं क्ष-किरणांनीं उलगडली. ती उलगडणाऱ्या मंडळींत स्वीडन येथें काम करणारे रामस्वामी हे भारतीय संशोधकही होते.

जंतूंच्या पोटांत जें आढळलें तें आमच्या पोटांतही आढळलें. आपलें यकृत औषधें व विषें निकामी करतें तें मुख्यतः अशाच मोनोऑक्सिजनेजांच्या बळावर. आणि त्यांच्या घडणीचें पहिलें स्पष्ट चित्र १९८५ सालीं मिळालें तें देवापुढें जाळावयाच्या कापरावर जगणाऱ्या एका स्यूडोमोनासच्या एन्झाइमावरून. ॲस्पिरिन ज्या एन्झाइमास बांधून वेदना कमी करतें तेंही एक ऑक्सिजनेजच. अशा रीतीनें मातींतील एका जंतूची चौकशी वैद्याच्या दवाखान्यापर्यंत पोंचली.

हिंदुस्थानाशीं ह्या कथेचा आणखी दोन ठिकाणीं संबंध येतो. १९८३ सालीं अमेरिकेंत एन्स्ली, गिब्सन प्रभृतींनीं नॅफ्थॅलीन मोडणाऱ्या डायऑक्सिजनेजचें बीज दुसऱ्या एका साध्या जंतूंत घातलें, तों तो जंतु निळा पडूं लागला! जंतु ट्रिप्टोफॅनपासून इंडोल नांवाचें द्रव्य करतो. ह्या एन्झाइमानें त्यावर प्राणवायु बसविला व त्याची नीळ झाली. ज्या निळीपायीं बिहारच्या रयतेनें जुलूम सोसला, आणि १८९७ सालीं जर्मन कारखान्यांतून कृत्रिम नीळ बाजारांत येतांच जिचा धंदा बसला, तीच नीळ जंतूच्या पोटीं पुन्हां जन्मास आली. दुसरा संबंध आनंद मोहन चक्रवर्ती यांचा. हे बंगाली संशोधक कलकत्त्याहून इलिनॉय येथें गन्सालस यांच्याकडे गेले. स्यूडोमोनास जंतूंत अशीं द्रव्यें पचविण्याची विद्या पुष्कळदां मुख्य रंगसूत्रांत नसून प्लास्मिड नांवाच्या सुट्या वेटोळ्यांत असते, आणि तीं वेटोळीं एका जंतूपासून दुसऱ्यास देतां येतात, हें त्या मंडळींनीं दाखविलें. चक्रवर्तींनीं अशीं अनेक वेटोळीं एकाच जंतूंत एकत्र करून खनिज तेल खाणारा जंतु सिद्ध केला व १९७२ सालीं त्यावर पेटंटचा हक्क मागितला. सजीवावर मालकी सांगतां येते काय, हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८० सालीं पांच विरुद्ध चार मतांनीं निकाल चक्रवर्तींच्या बाजूनें लागला.

ह्या निकालाच्या बऱ्यावाईटाचा विचार हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. परंतु एक गोष्ट येथेंच नमूद केली पाहिजे. १९८९ सालीं अलास्काच्या किनाऱ्यावर ‘एक्सॉन व्हॅल्डीझ’ जहाजांतील तेल सांडलें तेव्हां किनारा स्वच्छ करण्यास कोणी पेटंटचा जंतु सोडला नाहीं. तेथील वाळूंत जे जंतु मूळचेच होते त्यांना नत्र व स्फुर यांचें खत घातलें, आणि त्यांनीं आपलें काम अधिक वेगानें केलें. मातीस शिकविण्यापेक्षां तिला जें येतें त्यास साहाय्य करणें पुष्कळदां शहाणपणाचें असतें. मुंबईस पवई येथील तंत्रविद्येच्या संस्थेंत ज्या एका स्यूडोमोनासचा अभ्यास झाला आहे, तो तर ग्लुकोज व वलयधारी द्रव्य दोन्ही पुढें ठेवलीं असतां आधीं वलयधारी द्रव्य संपवितो व मग साखरेकडे वळतो! इतर बहुतेक जंतूंची चाल ह्याच्या नेमकी उलट.

तथापि मातीच्या ह्या सामर्थ्यावर विसंबून मनुष्यानें वाटेल तें ओतीत सुटावें असा ह्याचा अर्थ नव्हे. ह्या किल्लीस प्राणवायु लागतो; खोल चिखलांत, जेथें हवा पोंचत नाहीं, तेथें ती चालत नाहीं, आणि तेथील जंतूंच्या वेगळ्या रीती फार मंद असतात. वलयावर क्लोरीनचे अणु खच्चून बसविलेलीं जीं द्रव्यें मनुष्यानें विसाव्या शतकांत निर्माण केलीं, तीं मोडतांना हीं एन्झाइमें अडखळतात. ऊद, कात, लांकूड यांचीं वलयें उकलण्याची विद्या जंतूंनीं युगानुयुगें कमावली. कालपरवां जन्मलेल्या विषांसाठीं त्यांना तेवढा अवकाश आपण दिलेला नाहीं.

हायाइशी १९५८ सालीं क्योटो येथें आचार्य होऊन मायदेशीं परतले. १९८६ सालीं त्यांना वुल्फ पारितोषिक मिळालें. आणि २०१५ सालीं, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें. त्यांच्या हातून पुढें पुष्कळ कार्य झालें. परंतु त्यांच्या कथेकडे आम्ही जेव्हां जेव्हां वळतों तेव्हां आमच्या डोळ्यांपुढें पारितोषिकाचा समारंभ येत नाहीं. जळालेल्या शहरांतील एक रिकामी प्रयोगशाळा येते. एका वृद्धाच्या हातची थोडीशी भुकटी, बागेंतील मूठभर माती, आणि पुस्तकांत लिहिलेल्याशीं न जुळणारी एक बेरीज. जुळत नाहीं म्हणून ती बेरीज त्या तरुणानें खोडली असती तर कोणी त्याला दोष दिला नसता. परीक्षेंत तर गुणही मिळाले असते. त्यानें ती खोडली नाहीं आणि पुस्तकही फाडलें नाहीं. नाण्यावर खूण करण्याची सोय होईपर्यंत त्यानें पांच वर्षें ती मनांत जपली. आमच्या घरांतील मुलांना आम्ही उत्तरें जुळवावयास शिकवितों, तें योग्यच आहे. परंतु न जुळणारें उत्तर प्रामाणिकपणें सांभाळून ठेवावयासही कोणीं तरी त्यांना शिकविलें पाहिजे, एवढेंच ह्या निमित्तानें सुचवून आम्ही वाचकांची रजा घेतों.